गंगारामची नोंद

मु. मिठबाव,
१२ नोव्हेंबर १९६३

तीर्थरूप भिकाजीमामांस,

दत्तारामचा शिरसाष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता वाकतो की अजून अडतो, ते कळवावे. इकडे आई ठीक आहे (म्हणजे दिवसभर बोलते).

तुम्ही विचारले होते की सरकारी नोकरी कशी चालली आहे. कामाचे स्वरूप असे, की व्यापारात किती माणसे, वाहतुकीत किती आणि वीज-पाण्याच्या कामात किती, हे गावोगाव विचारून तक्त्यात भरायचे. काशीबाईच्या दुकानात गेलो तर तिने मला कर बसवणारा समजून नवऱ्याला माळ्यावर चढवले आणि दुकानात कोणी कामाला नाही म्हणाली. माळ्यावर सुक्या मिरच्या होत्या, त्यामुळे तो शिंकला आणि मी दोन माणसे लिहिली. विजेच्या रकान्यात कोणीच मिळेना, म्हणून पंचायतीचे कंदील लावणाऱ्या गणपतला तिथे बसवले. तेव्हापासून तो कंदिलाच्या काचा पुसत नाही. म्हणतो, हे आता हलके काम.

इथवर हसण्यासारखे होते. मग खाडीवरची तर (माणसे पलीकडे नेणारी होडी) नोंदवायची वेळ आली. तिचा मक्ता गंगारामच्या नावावर, आणि गंगाराम गेल्या वर्षीच्या श्रावणात तापाने वारला. तेव्हापासून होडी त्याची बायको नर्मदा हाकते. मक्ता रद्द होईल म्हणून तिने कुठे कळवले नाही, आणि पलीकडच्या वाडीला दवाखाना, बाजार सगळे तिच्याच होडीने गाठावे लागते, म्हणून कोणी चहाडीही केली नाही. मी तक्त्यात लिहिले : गंगाराम, पुरुष, एक. खोटे होते, पण लिहिले.

पंधरा दिवसांनी रत्नागिरीहून एक साहेब तपासणीला आले. दर दहावी नोंद प्रत्यक्ष पाहायची असा त्यांचा नियम. माझी दहावी नोंद गंगाराम. धक्क्यावर साहेबांनी विचारले, गंगाराम कुठे आहे? माझ्या तोंडून गेले, पलीकडे. (एका अर्थी खरेच होते.) साहेब म्हणाले, मग चला पलीकडे.

ओहोटी जोरात होती. नर्मदा म्हणाली, घटकाभर थांबा. साहेबांना घाई. मध्यावर गेलो आणि वल्ह्याची दोरी तुटली. होडी आडवी झाली व खाडीच्या मुखाकडे ओढली जाऊ लागली, जिथे लाटा फुटत होत्या. साहेब उभे राहिले, मला घट्ट धरले आणि होडी कलंडायला लागली. मामा, मला पोहता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. नर्मदेने आवाजसुद्धा चढवला नाही.

"साहेब, खाली बसा. दत्ताराम, तू त्या दुसऱ्या वल्ह्यार बस आणि मी सांगतंय तसो वढ."

तिने पदराचा काठ फाडून त्याने वल्हे बांधले. मी ओढत राहिलो, हाताची सालटी निघाली. लाटांचे पाणी आत येऊ लागले तेव्हा होडी वाळूच्या पट्टीला घासली आणि थांबली.

साहेब वाळूवर उतरले. मग भिजलेला तक्ता उघडून त्यांनी पुन्हा विचारले, गंगाराम कुठे आहे? मी तोंड उघडायच्या आत नर्मदा म्हणाली, "ते गेले, साहेब. होडी मीच हाकतंय. आता काय लिवचा ता लिवा."

साहेबांनी गंगारामच्या नावावर रेघ मारली आणि लिहिले : नर्मदा, स्त्री, एक. मग मक्ता वारसाच्या नावे करण्याचा अर्ज स्वतः सांगितला व मला लिहायला लावला. परवा मंजुरी आली. त्याच टपालाने माझी बडतर्फीही आली, खोटी नोंद केल्याबद्दल. साहेब नियमाचे पक्के आहेत. मला त्यांचा राग नाही.

मामींना व मुलांना यथायोग्य सांगावे. कळावे, लोभ असावा.

आपला भाचा,
दत्ताराम

ता. क. मुंबईत माझ्यासाठी नोकरी पाहू नये. पुढल्या सोमवारपासून मी तरीवर दुसऱ्या वल्ह्याला बसतो आहे. शिवा खारवी मला पोहायला शिकवतो, अजून कमरेएवढ्या पाण्यातच.

ता. क. दुसरा. आईने माझ्यासाठी खारेपाटणची मुलगी पाहिली आहे. मला नर्मदेशी पाट लावायचा आहे. आई तुमच्याशिवाय कोणाचे ऐकत नाही, तेव्हा चार दिवसांची रजा काढून यावे.

ता. क. तिसरा. मामांची संमती आल्याशिवाय विचारूच नको, असे नर्मदा म्हणाली. मी तिला सांगितले आहे की तुमचे पत्र आले. ते कृपया लवकर पाठवावे.