लाल टू-सीटरला काय हवं

११ जानेवारी १९५४, पुलगाव

आज शेडचं दार उघडलं. सात महिन्यांनी. कुबड्यांवर उभं राहून कडी काढणं ही एक कसरतच आहे — आधी एक काख मोकळी करायची, मग कडी ओढायची, आणि मधल्या मध्ये पडायचं नाही.

गाडी होती तिथंच आहे. लाल रंगावर बोटभर धूळ. सीटच्या चामड्यात उंदरांनी घर केलंय. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा इंग्रज मॅनेजर देश सोडून निघाला तेव्हा त्याच्याकडून ही टू-सीटर घेतली होती. तेव्हाच जुनी होती. तरी मी तिला वर्ध्याच्या रस्त्यावर अशी पळवायचो की बैलगाडीवाले आधीच खाली उतरून बैल धरायचे. रस्ता माझाच. मी ओव्हरसियर, तिथली खडी माझ्यासमोर दाबलेली.

कसाबसा आत बसलो. उजवा पाय ब्रेकवर गेला. डावा क्लचवर गेला — म्हणजे गेला नाही. गुडघ्याखाली आता काही नाही, हे माझ्या अंगाला अजून कळलेलंच नाही.

बराच वेळ बसून राहिलो. उतरायला बायकोला, कोकिळाला, हाक मारावी लागली.

१२ जानेवारी

यादी केली. दुसरा कार्बुरेटर. हेड घासून इंजिनाची ताकद वाढवणं. पिस्टनच्या रिंगा. चारही टायर. ब्रेक. हेडलाइट. ताडपत्रीचं छत.

कोकिळानं पाहिली. भाकरी थापत राहिली.

१५ जानेवारी

प्रेमदासला बोलावलं होतं. लढाईच्या वेळी तो मिलिटरीच्या वर्कशॉपात ट्रक दुरुस्त करायचा. आता नाचणगावच्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे. गाडीतलं जेवढं त्याला कळतं तेवढं या जिल्ह्यात कुणाला कळत नसेल. आमच्याकडे आला की ओसरीच्या पायरीवर बसतो. वर ये म्हटलं तरी येत नाही. मीही एकदाच म्हणतो, दुसऱ्यांदा म्हणत नाही.

यादी वाचून म्हणाला, "दुसरा कार्बुरेटर कायले?"

"वेग वाढतो."

"पयलाच कचऱ्यानं भरून हाय. त्याले साफ करू आधी. रूपरावजी, हे गाडी थंड मुलकातली हाय. हिले मोठा रेडिएटर पायजे. नाईतर मे मयन्यात देवळी येईस्तोवर पानी उकळून जाईन. आन् ब्रेक सगळ्यात आधी. लायनिंग पार घासून गेली हाय."

मग यादी उलटीसुलटी करून पाहिली.

"क्लचचं नाई लिवलं तुमी."

मी यादी परत घ्यायला हात पुढे केला. ती न देता म्हणाला, "हातानं चालते क्लच. करता येते. मिलिटरीत केलते आमी."

मी म्हटलं, ते नंतर पाहू.

२० जानेवारी

आज तीन विड्या. शेडच्या मागे.

पाय कापला तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं — रक्ताच्या नळ्या आतून बंद होत जातात, हा तंबाखूचा रोग आहे. सोडली तर उजवा पाय वाचेल. एकोणतीस वय आहे तुमचं, म्हणाले. वय सांगून काय होतं? कोकिळाला वाटतं मी सोडली. मी तसं सांगितलं होतं, देवासमोर उभा राहून. तेव्हाही खिशात बंडल होतं.

२ फेब्रुवारी

भांडण. म्हणजे मी ओरडलो आणि ती हळू आवाजात बोलली.

"ते गाडी देऊन टाका कोनाले. तिच्यापाशी जाऊन आले का तुमी दोन दिवस जेवत नाई."

मी म्हटलं, तुला काय कळतं गाडीतलं.

"मले काय कळन? दोघायची जागा हाय तिच्यात. लग्नाले पाच वर्स झाले. मले कितीकदा बसवलं तुमी?"

आठवून पाहिलं. दोनदा. एकदा लग्नानंतर तिच्या माहेरी, कारंज्याला. आणि एकदा तिला ताप होता तेव्हा.



९ फेब्रुवारी

इंजिन सुरू झालं. प्रेमदासनं कार्बुरेटर साफ केला, रिंगा बदलल्या. हँडल मारलं आणि दुसऱ्याच झटक्याला तो आवाज आला.

मग त्यानं गाडी बाहेर काढून कापूसबाजाराच्या मैदानात नेली. मी शेजारच्या सीटवर. ती सीट फार खाली आहे, रस्ता नीट दिसतच नाही. कोकिळा दोनदा इथूनच पाहत गेली असेल.

माझी गाडी दुसरा चालवतोय आणि मी कुबड्या मांडीवर घेऊन बसलोय.

१० फेब्रुवारी

काही नाही.

१८ फेब्रुवारी

प्रेमदासला म्हटलं, कर तो हाताचा क्लच.

त्यानं थैलीतून लोखंडी मूठ काढली. बनवूनच आणलेली. गिअरच्या दांड्यालाच बसवायची — मूठ आवळली की क्लच दाबला जातो, त्याच हातानं गिअर टाकायचा. पेडलपर्यंत जाड तार.

"कधी बनवलीस?"

"मांगच्या मयन्यातच. तुमी हो म्हनाची वाट पाहून राह्यलो."

राग आला. लाजही वाटली. दुसऱ्या कार्बुरेटरचा विषय मी पुन्हा काढला नाही.

२६ फेब्रुवारी

मैदानात चालवली. बंद पडली, सुरू केली, बंद पडली. हमाल गाठोडी खाली ठेवून बघत उभे. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "लंगड्याले गाडीचा शौक." हळू नव्हता म्हणाला.

शेवटी चालली. दोन फेऱ्या. आनंद व्हायला पाहिजे होता. संध्याकाळी ऑफिसचं पत्र आलं — रस्त्याचं काम आता मला झेपणार नाही, टेबलावर बसून नकाशे सांभाळायचं काम देता येईल. सहीखाली साहेबांनी शाईनं लिहिलंय, काळजी घ्या.

४ मार्च

देवळीपर्यंत एकटा गेलो. जाताना ठीक होतं. वारा लागत होता, पळसाला फुलं आली आहेत, एका मोरीवर थांबून विडी ओढली.

येताना पुढे म्हशी आल्या. ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं वाटलं. पाय पेडलवर आहे की नाही तेच समजेना. खाली वाकून पाहावं लागलं. पाय पेडलच्या बाजूला होता. गाडी रस्त्याच्या कडेच्या मुरमात घातली, म्हणून म्हशी वाचल्या. आणि मी.

बूट काढला. अंगठा निळसर. हात लावला तर थंड, उन्हात तापलेल्या गाडीत बसूनसुद्धा थंड.

५ मार्च

कुणाला सांगितलेलं नाही. मोजे घालून बसतो. कोकिळा म्हणाली, एवढ्या उकाड्यात मोजे? म्हटलं, डास.

तीन आठवड्यांपासून रात्री पोटरीत कळ यायची. मला माहीत होतं. इथंसुद्धा लिहिलं नाही मी ते. कुणाची भीती होती? वाचणार कोण आहे हे?

९ मार्च

यादी पुन्हा लिहिली. टायर हवेत. रेडिएटर हवा. हेड घासायचं, ते हवंच.

ब्रेकवर रेघ मारली.

१३ मार्च

कारंज्याच्या अलीकडे, जंगलातल्या उतारावर एक वळण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते मी मोजलं होतं. मोजणीची साखळी धरायला दोन मजूर, आणि खाली बघून त्यांच्यातला एक मागे सरला होता. तिथं कठडा हवा असा कागद मीच वर पाठवला. कठडा अजून झालेला नाही.

गाडी चांगली पळायला पाहिजे फक्त. एवढंच.

कोकिळा माहेरी परत जाईल. सव्वीस वर्षांची आहे. तिचे वडील अण्णाजी चांगले आहेत. माझं एक एक अंग कापलेलं बघत बसण्यापेक्षा बरं. आज तिनं आमटीत गूळ जास्त टाकला होता, मला आवडतो म्हणून. मी अर्धी टाकून दिली.

१६ मार्च



प्रेमदास सकाळी आला. यादी त्याच्या हातात दिली. वाचली. मग पायरीवरून उठला आणि ओसरीवर येऊन माझ्यासमोर बसला. आजवर कधी आला नव्हता.

"ब्रेकवर रेघ काऊन मारली?"

म्हटलं, आत्ता गरज नाही.

"हेड घासून वेग वाढवाचा, आन् ब्रेकची गरज नाई?"

मी ऑफिसातून आलेले नकाशे चाळत राहिलो. तो बोलत राहिला. लढाईच्या वेळी मणिपूरच्या रस्त्यावर एक ड्रायव्हर त्याच्याकडे ट्रक घेऊन आला होता. घरून कसलंतरी पत्र आलेला माणूस. म्हणाला, इंजिन पाहून दे, ब्रेक राहू दे. "मी देल्ला ट्रक. लाइन मोठी होती, मले घाई होती. इचारलंच नाई त्याले. दुसऱ्या दिवशी खालून त्याचा ट्रक वर काढाले मलेच धाडलं."

मग म्हणाला, "मनून आता इचारून राह्यलो, रूपरावजी. तुमी कुठं जाऊन राह्यले?"

मोजा काढला. त्यानं पाय हातात घेतला — माझ्या घरात, माझ्या ओसरीवर — आणि अंगठा बघितला. नखाशी काळं पडलंय.

"बाईले मालूम हाय?"

मान हलवली. नाही.

तो शेडमध्ये गेला, बॉनेट उघडलं, इंजिनातला एक लहानसा तुकडा काढून खिशात टाकला. त्याच्याशिवाय गाडी सुरू होत नाही.

"बाईले सांगा. मंग देतो."

गेला. मी ओसरीवर बसून रडलो. पाय कापला तेव्हा रडलो नव्हतो.

१७ मार्च

सांगितलं. सगळं. विड्यांचंही. वळणाचंही.

कोकिळा चुलीपुढे बसली होती. उठली नाही. "मले आधी काऊन नाई सांगतलं?" एवढंच म्हणाली. मग बंडल कुठं आहे विचारलं. मी दाखवलं, कौलाखाली. तिनं ते चुलीत घातलं आणि चूल पेटेपर्यंत फुंकत राहिली. धुरानं की कशानं, तोंड लाल झालेलं.

नंतर जवळ येऊन बसली. माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली होती तिनं. मी हललो तरी सोडेना.

२४ मार्च

डॉक्टरांनी पाय पाहिला, नाडी चाचपली, पुन्हा चाचपली. आठ दिवस औषध देऊन पाहू म्हणाले. आवाजावरून कळलं. रस्त्याच्या कामाला मंजुरी मिळणार नसेल तेव्हा आमचे साहेब अशाच आवाजात बोलतात.

विडी नाही, सात दिवस. सगळं अंग ओढल्यासारखं होतं. चिडतो. आज कोकिळावर वाटी फेकली. लागली नाही. लागली असती.

२९ मार्च

प्रेमदास न बोलावता आला. ब्रेकची लायनिंग आणली होती, आणि काढून नेलेला तो इंजिनातला तुकडाही. दिवसभर शेडमध्ये होता. मी म्हटलं, आता कुणासाठी?

"गाडीले ब्रेक लागतेच," म्हणाला. "चालवनारा कोनीबी असो."

दुपारी कोकिळानं त्याचं ताट ओसरीवर, माझ्या शेजारी वाढलं. तो थोडा वेळ उभा राहिला, मग बसला.

२ एप्रिल

ठरलं. आठ तारखेला. उजवाही, गुडघ्याखालून.

म्हणजे आता गाडी संपली. क्लच हातावर आला, ब्रेक कशावर येणार? ब्रेक, ॲक्सिलरेटर, क्लच, गिअर, स्टिअरिंग — हात दोनच. दुपारभर कागदावर दांडे काढत बसलो. एकही जमेना. कागद फाडला.

उद्यापासून काय लिहू? आज चौथा दिवस भात गिळवत नाही. कोकिळा समोर बसून राहते. मी जेवलो नाही की तीही जेवत नाही, हे आज लक्षात आलं. किती दिवसांपासून, देव जाणे.

५ एप्रिल

सकाळी मैदानात कोकिळानं पदर खोचला, मला शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे जाऊन बसली. "सांगा आता. पयले काय दाबाचं?" प्रेमदासनं हँडल मारलं. तीनदा बंद पडली. चौथ्यांदा मैदानाच्या टोकापर्यंत गेली आणि ब्रेक दाबून तिनं ती नीट उभी केली. हमाल बघत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आठ तारखेला दवाखान्यात मीच नेईन म्हणते. पण ब्रेक दाबायला तिला सीटच्या अगदी टोकावर यावं लागतं, पाय पुरत नाही. प्रेमदासला सांगितलं — बाकीची यादी राहू दे. आठ तारखेच्या आत सीट चार बोटं पुढं घे.