पोटातला पाहुणा आणि उजवा कौल

११ फेब्रुवारी २००७, रविवार. सकाळ.
आजपासून तिखट बंद, सुकी मासळी बंद आणि पोटाचा विचार बंद. विचार केला की ते दुखतं, हे अनुभवाने सांगतो. जेवल्यावर छातीच्या खाली जळतं, एवढंच. बहात्तर वर्षं चूल पेटलेली आहे, थोडी धग राहणारच. घाबरण्यासारखं काही नाही.
माझे थोरले भाऊ पोटाच्या कॅन्सरने गेले. त्यांचंही असंच जळण्यापासून सुरू झालं होतं. पण त्यांचं वेगळं होतं. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता लिहिलं गेलं. खोडत नाही, पान वाईट दिसतं.
दुपार. बायकोने, विमलाने, सुक्या बांगड्याचं खोबरं-मिरची घालून किसमूर केलं. नियम उद्यापासून.

१४ फेब्रुवारी, बुधवार.
गुडघा ठणकतो. शेजारच्या गुरुदासने दिलेल्या गोळ्या उत्तम. सकाळी उपाशीपोटी घेतली की चटकन लागू पडते. जेवणावर घेतली तर अन्नात हरवते. हा माझा स्वतःचा शोध.
जळजळीच्या औषधाची बाटली फार लवकर संपते. हल्ली कंपन्या कमी भरतात.
विमलाने अर्धी भाकरी ताटात टाकली. माझ्या काळजीने तिची भूक मेली आहे. बिचारी.

१८ फेब्रुवारी, रविवार.
नात आली. प्रियांका. गोव्याच्या कॉलेजात एमएस्सी करते, जंतूंवर. तिच्या गाइडच्या संशोधनाचा जंतू नेमका पोटातला निघाला. जगात इतके जंतू असताना!
जेवताना तिने सगळं समजावलं. हा जंतू स्क्रूसारखा पिळदार असतो. निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात असतो, बहुतेकांच्या पोटात गुपचूप पडून राहतो. पण काही जंतूंकडे एक खास जीन असतो. कॅगए. असला जंतू पोटाच्या अस्तराला चिकटतो, बारीकशी सुई टोचतो आणि आपलं प्रोटीन पेशीत सोडतो. पेशीला काही कळेनासं होतं. मग सूज, अल्सर, आणि क्वचित पुढचं.
पुढचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. सोलकढी मागितली.
ती म्हणाली, "नाना, जीन आसलो म्हणून रोग होताच असा नाय. पण तुमच्या घरात भाऊआजोबांका झालेलो आसा. एन्डोस्कोपी करून घेवया. आमच्या सरांच्या ओळखीचे डॉक्टर आसत."
एन्डोस्कोपी म्हणजे तोंडातून नळी घालून पोटात दिवा लावतात. मी म्हटलं, माझ्या पोटात अंधारच बरा आहे. ती हसली. विमला हसली नाही. चुलीपाशी पोट धरून वाकून बसली होती. कंबर असेल.

१९ फेब्रुवारी, सोमवार. पहाट.
झोप नाही. भीती नव्हे, उकाडा.
पाचवीतले मास्तर आठवले. खडूने टेबलावर ठेका धरून कविता म्हणायला लावायचे. मिठबावच्या समुद्राचा वारा शाळेच्या कौलांतून यायचा आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात गायचो. तेव्हा पोटात काय होतं? ओले काजू आणि कविता. मास्तर म्हणायचे, भीतीला वृत्तात बसवलं की ती शहाण्यासारखी बसते. करून पाहिलं.

इवल्याशा पाहुण्या रे, किती दिस राहशील?
जाताना या घराचं तू काय काय रे घेशील?

चाल लागली. भीती बसली नाही, उभीच आहे.

२१ फेब्रुवारी, बुधवार.
देवळात गेलो. नळी घालून घ्यावी की नाही, हा प्रश्न देवाला विचारायचा. शिवा गुरवाने फुलांचे कळे पाण्यात भिजवून देवाच्या मूर्तीला उजवी-डावीकडे लावले आणि गाऱ्हाणं घातलं, "हे देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकराच्या पोटात जो काय जंतू शिरलेलो आसा, तेच्या हातात सुई आसात, पिचकारी आसात, जां काय हत्यार आसात, तां काढून घे रे म्हाराजा!" मागून दोघे बागाईतदार "व्हय म्हाराजा" म्हणाले. म्हणजे आता गावभर झालं.
मग कौल. उजवा कळा पडला तर जा, डावा पडला तर नको.
उजवा पडला. लगेच. अजून नीट चिकटलाही नव्हता.
मी म्हटलं, शिवा, पाणी जास्त झालं, परत लाव. परत उजवा. मी म्हटलं, प्रश्न चुकला, "नाना आजारी नाही ना?" असं विचार. शिवाने हात पुसले. "नाना, देवाक भितर-भायर करून फसवूक जावचा नाय. तेणा सांगल्यान तां सांगल्यान. तुमी जावा नायतर ऱ्हवा, पण देवाक तरास देव नकात."
देवाचा कौल मला मान्य आहे. फक्त कधी जायचं हे देवाने सांगितलेलं नाही.
विमला म्हणाली, "माझ्यासाठीय एक कौल लावून येवचो होतो." तिला काय विचारायचंय? कोंबडी अंडी का घालत नाही, तेच असणार.

४ मार्च, रविवार. शिमगा.
अंगणात पोरांनी पिचकाऱ्या चालवल्या. एकाने माझ्या पोटावर नेम धरून लाल रंग मारला. मी ओरडलो. आख्खी वाडी बघायला लागली. गुरुदास म्हणाला, "नाना, रंग आसा तो, जंतू न्हय." सगळे हसले. मीही हसलो. घरात येऊन बनियन उलटं करून पाहिलं, आतपर्यंत लाल आलं होतं.
ठरलं. १२ तारखेला गोव्याला जायचं. एकटा जाणार. प्रियांका पणजीच्या स्टँडवर थांबेल. चौतीस वर्षं एसटीच्या खिडकीत बसून लोकांना गोव्याची तिकिटं दिली, मला सोबत कशाला?

१२ मार्च, सोमवार. बांदा, स्टँडच्या बाकावर.
गाडी वेळेवर निघाली. जामसंड्यापासून इथपर्यंत मी अतिशय शांत होतो. एक कडवंही सुचलं. बांद्याला कंडक्टर म्हणाला, दहा मिनटां. समोर हॉटेलात कांदाभजी तळत होते. नळीआधी उपाशी राहायला सांगितलं होतं, पण शास्त्राच्याही काही मर्यादा असतात. एक प्लेट खाल्ली. मग पोट भरलेलं असताना नळी घालणं योग्य नाही, हा वैद्यकीय विचार मनात आला. गाडी सुटताना मी उठलो होतो. हळू उठलो, एवढंच.
घरी परतायला देवगडची गाडी अर्ध्या तासात आहे. वेळापत्रक मला पाठ आहे.

१३ मार्च, मंगळवार.
प्रियांका फोनवर रडली. म्हणे ती स्टँडवर प्रत्येक गाडीत बघत होती. मी म्हटलं, गाडी चुकली. ती म्हणाली, "नाना, तुमची गाडी चुकता?"
विमलाचा चेहरा फार पांढरा दिसतो. माझ्या वागण्याने असेल. पेज जेवून लवकर आडवी झाली.

२६ मार्च, सोमवार. पणजी, दवाखान्याचा व्हरांडा.
या वेळी विमला सोबत. बांद्याला तिने माझ्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं होतं.
मी आतपर्यंत गेलो, हे नोंदवून ठेवतो. टेबलावर कुशीवर झोपलोसुद्धा. नळी काळी आहे, करंगळीएवढी जाड, आणि टोकाला दिवा लुकलुकतो. भाऊंच्या शेवटच्या दिवसांत त्यांचे डोळे असेच लुकलुकायचे. मग मी उठलो. चपला कुठे आहेत ते विचारलं.
डॉक्टर चिडले. नर्स पुढच्या पेशंटला हाक मारणार इतक्यात विमला दारातून आत आली. दवाखान्यात ती पुस्तकी मराठी बोलते. म्हणाली, "डॉक्टर, नंबर फुकट कशाला घालवता? मी सुद्धा उपाशी आहे. माझं पोट बघा. वर्षभर दुखतंय. शौचाला काळं होतं."
वर्षभर?
ती आत आहे. दार बंद आहे. मी तिची पिशवी धरून बसलो आहे. पिशवीत जळजळीच्या औषधाची बाटली आहे. माझी. अर्धी.

२६ मार्च, संध्याकाळ.
विमलाच्या पोटात दोन जखमा. त्यातून थोडं थोडं रक्त जात होतं, म्हणून पांढरी पडली. चिमट्याने अस्तराचे तुकडे काढले. काही तपासणीला, काही तिची सही घेऊन प्रियांकाच्या लॅबमध्ये. कॅन्सर आहे की नाही ते आठवड्याने कळेल.
मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुमच्या पोटाचा आयकता आयकता माझा सांगूचा ऱ्हवला."
कवितेची एकही ओळ सुचत नाही.

१ एप्रिल, रविवार.
देवळात गेलो. विमलासाठी कौल, उजवा पडला तर ती बरी होणार. शिवाला म्हटलं, एकदाच लाव. कळा बराच वेळ पडेना. मी डोळे मिटून उभा होतो. शिवा म्हणाला, "नाना, बसा हयसर." उजवा पडला. परत लाव म्हटलं नाही.

३ एप्रिल, मंगळवार.
कॅन्सर नाही! कॅन्सर नाही. जंतू आहे, आणि लॅब सांगते, कॅगएवाला आहे. सुईवाला. माझ्या विमलाच्या पोटात. डॉक्टर म्हणाले, जीन असो नसो, औषध तेच. दोन तऱ्हेच्या अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी, दोन आठवडे, एकही चुकवायची नाही.
मला एक फार सुटसुटीत गोष्ट सुचली. एकाच घरात, एकाच टोपातला भात खाऊन आम्ही म्हातारे झालो. तिचा जंतू तोच माझा जंतू. म्हणजे माझीही तपासणी झाल्यासारखीच आहे. प्रियांकाला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, "नाय हो नाना. ह्यो जंतू बहुतेक ल्हानपणीच येता, आवशी-बापाशीकडसून. आजीचो जंतू तिच्या म्हायेरचो. तुमच्यात आसलो तर तो तुमच्या घरचो."
माझ्या घरचा. म्हणजे माझ्या आईच्या हातचा. आणि त्याच हातचं भाऊही जेवले.
फोन ठेवला तरी हात तसाच कानाशी होता.

९ एप्रिल, सोमवार.
विमला गोळ्या घेते. तोंडात तांब्याचं नाणं ठेवल्यासारखी चव राहते म्हणते. तरी एकही चुकवत नाही. मी घड्याळ बघून हाक मारतो. तेवढंच जमतं.
आज मी तिला विचारलं, तुला नळीची भीती नाही वाटली? "वाटली मगे! पण तुमी उठून चपलो सोधूक लागलास, तेवां हसाक इला. हसता हसता गेलय आत."
माझी तारीख १६. मला भीती वाटते. लिहून ठेवतो, म्हणजे खोडता येणार नाही.

१६ एप्रिल, सोमवार. पणजी.
नळी गेली. आली. मधलं लिहिण्यासारखं नाही. विमलाने माझा हात धरला होता आणि मी तिचा हात इतका आवळला की तिची बांगडी वाकली.

२४ एप्रिल, मंगळवार. बांदा, परतीच्या वाटेवर.
रिपोर्ट मिळाला. कॅन्सर नाही. जंतू नाही. सुईवाला नाही, बिनसुईचाही नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. अस्तर मात्र जागोजागी सोललेलं. त्यांनी विचारलं, रोज कसल्या गोळ्या घेता? गुरुदासच्या गोळ्या खिशात होत्या, दाखवल्या. उपाशीपोटी घेता? होय म्हटलं. माझा शोध आहे हे सांगितलं नाही. डॉक्टरांनी पुडी टेबलाखालच्या बादलीत टाकली.
म्हणजे पाहुणा कधी आलाच नव्हता. मी रिकाम्या घराला ओव्या ऐकवत होतो.
गाडी बांद्याला थांबली. मला महिनाभर पेज आणि मऊ भात. विमलाची औषधं संपली, डॉक्टरांनी तिला काहीही खा म्हणून सांगितलं. ती आता समोरच्या हॉटेलात कांदाभजी खाते आहे. दुसरी प्लेट. मी म्हटलं, एक दे. म्हणाली, "तुमी ह्या वेळी गाडीत बसा. माझी जागा धरून ठेवा."
जागा धरून बसलो आहे.