बाकीच्यांनी खाली

ता. ४ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्याचं कारण, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मागच्या खेपेला मी एक बातमी आहे एवढंच म्हणालो, तर तू मला सर्दीवर काय घ्यायचं ते सांगून फोन ठेवून दिलास. बातमी सर्दीची नव्हती. मला ओळ मिळाली आहे.

आमची मालिका सुरू झाली तेव्हापासून मी जिन्यातला शेजारी आहे हे तुला ठाऊकच आहे. सहा मित्रमैत्रिणी त्या जिन्यात भांडतात, रुसतात, प्रेमात पडतात आणि मी त्यांच्या मधून वाट काढत काहीतरी वर नेतो. कधी खुर्ची, कधी गादी, एकदा तर शिडी. आजवर तोंडातून अक्षर काढलेलं नाही. आईला बायका विचारतात की तुमच्या मुलाला बोलता येतं ना, आणि ती बिचारी दर वेळी सांगते की लहानपणी तर फार बडबडा होता.

आता शंभरावा भाग आहे. सहांपैकी एकीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेतात, उरलेले पाच जण बाहेर गोंधळ घालतात आणि शेवटी दार उघडून जो डॉक्टर बाहेर येतो तो मी. म्हणजे शेजारी इतके दिवस डॉक्टर होता आणि कुणी त्याला विचारलंच नाही. मी म्हणायचं, "अभिनंदन. मुलगी झाली." मग सगळे एकमेकांच्या गळ्यात पडणार. समोर प्रेक्षक बसवलेले असतात, त्यामुळे हशा आला तर खरा, नाही आला तर तेही खरं. लेखिकाबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं की ओळ जमली तर शेजारी पुढेही बोलेल, नाहीतर त्याचं बिऱ्हाड हलवायचं.

तू बाळंतपणाच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर. खरे डॉक्टर ही बातमी कशी सांगतात ते सविस्तर कळव. आईला इतक्यात सांगू नकोस. भावोजींना नमस्कार.

धाक आहेच, लोभही असू दे.
तुझा,
ठोंब्या


ता. ९ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

आईला सांगू नकोस म्हणतोस, पण पत्र फोडलं तिनेच. आता दूधवाल्यापासून चष्मेवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे की तू डॉक्टर झालास. मी तिला दोनदा समजावलं की फक्त टीव्हीवर. ती म्हणाली, सुरुवात कुठूनही होते.

आता कामाचं. खरे डॉक्टर बातमी सांगतच नाहीत. ते हात धुतात आणि मागच्या दाराने चहाला जातात. बातमी सांगते मी. आणि अभिनंदन हा शब्द माझ्या तोंडून आजवर निघालेला नाही, कारण त्याआधी मला गर्दी हटवावी लागते. एका बाळंतिणीमागे अख्खी वरात असते. दोन काका बाकावर घोरतात, एक आत्या दाराच्या काचेला नाक लावून उभी, कुणीतरी थर्मास सांडलेला, आणि ज्याचं बाळ तो बापडा सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून. मी दार उघडलं की सगळे अंगावर येतात. मी ओरडते. ते दोन पावलं मागे सरकतात आणि मी वळले की परत जागेवर. माझ्या आवाजाला तू भितोस, तुझे भावोजी भितात, व्हरांड्यातलं कुणी भीत नाही. इतक्या वर्षांत तो व्हरांडा मला एकदाही मोकळा करता आलेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या जुन्या मोठ्या सिस्टर कधी ओरडत नसत. दार उघडायच्या, हात मागे बांधायच्या, चष्म्याच्या वरून बघायच्या आणि अगदी हळू आवाजात म्हणायच्या, बाळाच्या वडिलांनी थांबायचं, बाकीच्यांनी खाली. लोक निमूट जिना उतरायचे. मला ते कधी साधलं नाही, माझा आवाज आपोआप वर जातो. तुला कदाचित साधेल, तुझा आवाज कोरा आहे. तेवढं आधी घोटून घे. ते जमलं की पुढची ओळ आपसूक येईल. आणि डोळे मिचकावू नकोस, शाळेच्या नाटकात मिचकावले होतेस.

प्रकृतीची हेळसांड करू नये. आमची आठवण ठेवावी, निदान सर्दी झाल्यावर तरी.
तुझी,
ताई


ता. १५ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं घोटतो आहे. चष्मा आणला, बिनभिंगाचा. आरशासमोर हात मागे बांधून उभा राहतो आणि मोठ्या सिस्टरांसारखं बोलतो. पहिल्या दिवशी मलाच हसू आलं. काल मात्र एक चमत्कार झाला. घरमालकीणबाई नळ गळतो का ते बघायला वर आल्या होत्या. मी आरशाकडून वळलो तो तोंडात तेच वाक्य होतं. बाकीच्यांनी खाली म्हणालो आणि त्या एक शब्द न बोलता खाली गेल्या. या बाई आजवर कधी शब्द न बोलता कुठेही गेलेल्या नाहीत. नळ अजून गळतोच आहे.

माझी खरी ओळ मी दिवसातून एकदाच म्हणतो, नाहीतर ती झिजेल अशी भीती वाटते. उद्या चित्रीकरण. तुझा हात डोक्यावर आहे असं समजून उभा राहीन.

आहे तोच लोभ पुरे, वाढवलास तर मला पेलणार नाही.
ठोंब्या


ता. १६ मार्च

रा. रा. मेहुणेसाहेबांस,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या ताईच्या नकळत लिहीत आहे, तेव्हा उत्तरात उल्लेख नसावा. वरवर ती म्हणते की एका ओळीचं एवढं काय कौतुक. प्रत्यक्षात तुमचा भाग दाखवतील त्या संध्याकाळची ड्युटी तिने बदलून घ्यायचा प्रयत्न केला. ती बदलून मिळाली नाही, तेव्हा आपल्या बैठकीतला टीव्ही उचलून वॉर्डाच्या व्हरांड्यात नेऊन ठेवला. उचलला अर्थात मी. कारण विचारलं तर म्हणाली, बाळंतिणींच्या नातेवाइकांना विरंगुळा. जिला नातेवाईक डोळ्यांसमोर नकोत, तिला त्यांच्या विरंगुळ्याची काळजी कधीपासून, असं मी मनातल्या मनात विचारलं.

वॉर्डातल्या आयांना, झाडूवाल्याला आणि औषधं देणाऱ्याला तिने बजावलं आहे की त्या संध्याकाळी माझा भाऊ बोलणार आहे. तेव्हा तुम्ही सांभाळून बोला. मी सध्या टीव्हीच्या रिकाम्या टेबलाकडे बघत जेवतो.

मेहुण्यांचा लोभ टीव्हीसकट परत मिळावा ही विनंती.
आपला,
भावोजी


ता. १७ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं मुसळ केरात गेलं. शंभरावा भाग कुणी बघू नका. आईला सांग, वीज जाणार आहे.

झालं ते असं. मी दारामागे हिरवा झगा घालून उभा होतो. आत आमची बाळंतीण पोटाची उशी सोडून निवांत मासिक वाचत होती. पाळण्यात रबरी बाळ, त्याचा एक डोळा मिटतच नाही. इशारा झाला आणि मी दार उघडलं. पाचही जण माझ्या अंगावर धावून आले. आमचा ढेरपोट्या, ज्याच्या नावावर मालिका चालते, तो माझ्या पायावरच उभा राहिला. आणि ताई, माझी ओळ गेली. समोर गर्दी दिसली आणि तोंडातून ओळीच्या जागी तू निघालीस. माझे हात आपोआप मागे गेले, चष्म्यावरून बघितलं आणि हळू म्हणालो की बाळाच्या वडिलांनी थांबायचं, बाकीच्यांनी खाली.

ते गेले. चौघंही. दिग्दर्शकाने थांबा म्हटलेलं नाही, कुणी इशारा केलेला नाही, तरी मुकाट्याने माना खाली घालून सेटवरून निघून गेले. कॅमेरावाला चार पावलं मागे सरकला. प्रेक्षकांतली पहिली रांग उठून उभी राहिली आणि पिशव्या गोळा करू लागली. ढेरपोट्या थेट कॅन्टीनमध्ये गेला, चहा मागवला आणि पहिल्या घोटानंतर त्याला आठवलं की आपलं चित्रीकरण चालू आहे. मग जो हशा उसळला तो थांबेचना. मला कानांत काहीच ऐकू येत नव्हतं. मी आणि बापाचं काम करणारा नट, दोघंच उरलो होतो. मी त्याला माझी ओळ सांगितली, अगदी त्याच्यापुरती. तो बिचारा खरंच रडायला लागला आणि माझ्या झग्याला नाक पुसलं.

पुढे सगळ्यांना बोलावून पुन्हा घेतलं. या वेळी ओळ लिहिली होती तश्शी म्हणालो. एक माणूस हसला नाही की रडला नाही. दिग्दर्शक दिवे घालवायला सांगून निघून गेले. लेखिकाबाई बघू म्हणाल्या. ताई, बघू म्हणजे काय ते मला कळतं. मी सामान बांधायला घेतलं आहे, शेजाऱ्याचंही आणि माझंही. तुझ्यावर राग नाही. पण मला एकदा तरी आईला ऐकू जाईल असं बोलायचं होतं.

लोभ कमी झाला तरी समजून घेईन.
ठोंब्या


ता. २९ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुझं कार्ड पोचलं. त्यांनी पहिलंच चित्रीकरण दाखवलं, लोक हसून लोळले, बिऱ्हाड हलत नाही आणि शेजारी आता दर भागात बोलणार, हे वाचून आईने कार्ड देवापुढे ठेवायच्या आधी चष्मेवाल्याला दाखवलं. आपला टीव्ही वॉर्डात, म्हणून तिने शेजारणीकडे बसून तुझं गर्दीवरचं वाक्य स्वच्छ ऐकलं. म्हणाली, आवाज आपल्या ताईचा आहे पण माणूस सभ्य वाटतो. याचा अर्थ मी तिला विचारलेला नाही.

तरी तू हिरमुसलास. तुझी खरी ओळ त्या हशात बुडाली, कुणालाच ऐकू आली नाही, घोटलेलं सगळं वाया गेलं म्हणतोस. म्हणून त्या संध्याकाळी इथे काय झालं ते नीट वाच.

मी तुझा भाग पाहिला नाही. ऐन वेळी एक बाई अडली आणि मी आत होते. बाहेर तिची सगळी वरात होती, काकासकट, आत्यासकट, टीव्हीसमोर ठाण मांडून. आत मूल रडलं, मी हात पुसले, ओरडायला छाती भरून घेतली आणि दार उघडलं. तर व्हरांडा रिकामा. काचेला नाक नाही, बाकावर काका नाही, थर्मास उभा. टीव्हीवर साबणाची जाहिरात चाललेली आणि खांबाजवळ एकटा तो बाप, ताठ उभा.

मी विचारलं, माणसं कुठे गेली. तो म्हणाला, डॉक्टरांनी खाली जायला सांगितलं. मी म्हटलं, कुठले डॉक्टर, ते तर मागच्या दाराने चहाला गेले. त्याने टीव्हीकडे बोट दाखवलं. जिन्यावरून वाकून बघितलं तर खाली फाटकापाशी अख्खी वरात रांगेत उभी, आत्या सर्वांत पुढे, हात बांधून.

ठोंब्या, मला काय करावं ते सुचेना. ओरडायला कुणी नव्हतं. इतकी वर्षं मी ती बातमी गर्दीच्या डोक्यावरून फेकत आले, समोर उभ्या असलेल्या एका माणसाला कशी द्यायची ते मला येतच नव्हतं. मग तुझं पहिलं पत्र आठवलं. हळू आवाजात म्हणाले, "अभिनंदन. मुलगी झाली." तो रडला. नाक माझ्या एप्रनला पुसलं. मीही थोडी रडले, आईला सांगू नकोस.

ओळ चांगली आहे रे. यापुढे मी तीच वापरणार आहे. टीव्ही मात्र परत नेणार नाही, भावोजींना तसं कळवलं आहे.

लोभ आहेच, तो जवळ ठेव. बाकीच्यांनी खाली.
तुझी,
ताई