उशिरा आलेला खो

डोंबिवली, रविवार, डिसेंबर १९८८

आज जिल्ह्याच्या खो-खो संघाची निवड. ठाकुर्लीची सुनंदा खांबाजवळ बसलेली, सूर मारायला. पाच वेळा झेपावली, पाचही वेळा हातात नुसती माती. बाकीचे निवडकर्ते म्हणाले, "मॅडम, पोरगी स्लो आहे." मीही यादीवर सही केली.

पण स्लो कोण? पळणारी खांबाला वळसा घालून गेली, की मग मागून "खो!" अशाने हातात मातीच येणार ना? तिच्या जागी माधुरी बसली, आणि त्याच मुलींचे खो अगदी वेळेवर यायला लागले. दोन सुरांत दोन गडी बाद. हे कसं?

नळावर सुनंदा हातावरची माती धूत होती. विचारलं, "अगं, खो उशिरा येतोय, बोलली का नाहीस?"

"बोलून काय होणार बाई? माधुरी तुमची भाची ना."

सकाळी माधुरीला घेऊन आलेली ताई मैदानावर सगळ्या मुलींना लाडू वाटत होती. मला वाटलं, कौतुकाने. मीही एक खाल्ला!

सुनंदाच्या निवडीत खो घातला तो आमच्याच घराने. आणि खाली सही माझी.