रिव्हॉल्वर संजीवला नाही

मी, सुहासिनी चारुदत्त देवस्थळी, वय चौसष्ट, राहणार शुगर लँड, टेक्सास, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. माझे डोके ठिकाणावर आहे. मी रागावलेली आहे. पण रागावलेल्या बाईलाही मृत्युपत्र करता येते, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

१. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते सून सुलेखा हिला देते. मुलगा संजीव याने तिथे राहावे की नाही, हे ती ठरवील.

२. माझे कै. पती यांचे रिव्हॉल्वर. इथे मोठे वादळ झाले, त्यानंतर लुटारू येतील म्हणून ह्यांनी ते घेतले. लुटारू काही फिरकले नाहीत. आम्ही मात्र दर दसऱ्याला ते पाटावर मांडून हळदकुंकू वाहत राहिलो. हे होते तोवर ते रिकामे असे. गेल्या दसऱ्याला संजीवने गोळ्या भरून मांडले. म्हणे, "रिकाम्या शस्त्राची कसली पूजा, आई?" नंतर कुंकू पुसताना त्याच्या हातून चाप ओढला गेला आणि गोळी सुलेखाच्या उजव्या खांद्यात शिरली. ती प्रसाद वाढत होती.

ती हॉस्पिटलातून घरी आली, तेव्हा रिव्हॉल्वर पुन्हा संजीवच्या कपाटात. टाकून दे म्हटले, तर उत्तर आले, "आई, अ‍ॅक्सिडेंट होता तो! गन ठेवणं माझा कॉन्स्टिट्यूशनल राइट आहे. सेकंड अमेंडमेंट वाच जरा."

वाचली ती घटनादुरुस्ती. एका वाक्याची आहे. त्यातली नागरी सेनेची गोष्ट हा शहाणा गिळतो आणि शस्त्राची तेवढी घोकतो. बरे, त्याचेच खरे धरू. तरी तो हक्क सरकारपुढे सांगायचा आहे, आईपुढे नाही. कपाटाची किल्ली तो देत नाही. पण ह्यांच्या मृत्युपत्राने ते रिव्हॉल्वर माझे आहे. सबब, माझा भाचा आणि या मृत्युपत्राचा व्यवस्थापक गिरीश याने ते ताब्यात घेऊन, कापून भंगारात द्यावे.

३. देव आणि दसऱ्याचा पाट सुलेखाला. यापुढे पाटावर विळी मांडावी. तीसुद्धा जपून.

४. संजीवला ह्यांची हत्यारांची पेटी. पाना, पक्कड, हातोडी. घर राखायला एवढे पुष्कळ झाले.

५. संजीव याविरुद्ध कोर्टात जाईल. जरूर जावे, तोही त्याचा हक्कच. सुलेखाला साक्षीला बोलावतील. शपथ देताना उजवा हात वर करायला सांगतात. तिचा आता होत नाही. का होत नाही, हे न्यायाधीशांना त्यानेच उभे राहून सांगावे.

सारे माझ्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, एक शब्द बदलला नाही.

सही: सुहासिनी चा. देवस्थळी

आमच्यादेखत सही झाली. यातले काहीही आम्हांला मिळायचे नाही.
साक्षीदार: चंद्रशेखर गुर्जर (सही), कांचन गुर्जर (सही), शेजारी

शुगर लँड, १४ मार्च १९८६