पडद्यामागून शिकलेला नाच

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग जात नाही. पूर्णेच्या तंबू टॉकीजमध्ये तुम्ही मशीन चालवायचात. मोठा पिक्चर सुरू व्हायच्या आधी एक जुनं, छोटं रीळ लावायचात, बोलपट नुकते आले तेव्हाचं. त्यात गोष्ट नाही, काही नाही. एक बाई येते आणि नुसती नाचते. कॅमेरा एका जागी खिळलेला, त्यामुळं ती डोक्यापासून पायापर्यंत अख्खी दिसते. तबला पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा, घुंगरांत खरखर. पण गिरकी घेऊन ती थांबली की तंबूतली रडकी लेकरंसुद्धा गप्प व्हायची. तुम्ही मशीनजवळून ओरडायचात, "वाहवा! नाचावं तर असं. हिचे पाय धुऊन पाणी प्यावं!"

आम्हा बायकांना पडद्याच्या मागच्या बाजूला बसवत, तिथून चित्र उलटं दिसे, म्हणून मी तो नाच उलटाच शिकले. तिचा उजवा हात तो माझा डावा. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत लांबलेलं शाळेचं संमेलन अखेर ठरलं, तेव्हा माझा नाच बघून आमच्या बाई हसून म्हणाल्या, "उलटा हाय गं तुझा नाच, पण लय गोड हाय. असाच कर." संमेलनात मी पहिली गिरकी घेते आणि तुम्ही स्टेजवर चढता, दंडाला धरून मला खाली ओढता. "आपल्या घरच्या पोरी नाचत न्हाईत!" सगळ्या गावादेखत. मी म्हणाले, "आबा, तुमच्याच रिळातला हाय." तर थोबाडीत बसली. संध्याकाळी त्याच हातानं तुम्ही तेच रीळ चढवलंत. मी घरी भाकरी थापतेय आणि तंबूच्या भोंग्यातून तीच घुंगरं ऐकू येतायत. दुसऱ्याच्या लेकीला वाहवा, आपल्या लेकीला थोबाडीत, हा कुठला न्याय? आईला विचारलं, तर ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "ती पडद्यावरची. तिला कुनाच्या घरी नांदायचं न्हाई."

मी पुन्हा कधी नाचले नाही. तंबूत मात्र येत राहिले, लग्न झाल्यावर माहेरी आले तरी. लेक आली म्हणून तुम्ही खुश व्हायचात, बसायला सतरंजी पाठवायचात. त्या सतरंजीवर बसून मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देत असे.

हे पत्र मी तुमच्या फोटोसमोरसुद्धा वाचणार नाही. एवढंच सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी ऊर फुटेस्तोवर रडले. बाया म्हणाल्या, "बापावर लय जीव होता पोरीचा." आबा, मी तुमच्यासाठी रडत नव्हते. ते रीळ आता कोणी लावणार नाही, म्हणून रडत होते.