खांबाखालचे सूत

ता. २ फेब्रुवारी १९४६, शनिवार. आप्पासाहेबांचा मळा, कोपरगावपासून तीन कोस

आरंभीच एक गंभीर फिर्याद नोंदवतो. आप्पासाहेबांनी पाहुण्याला दिलेली खाट माझ्यापेक्षा चार बोटे आखूड आहे. पाय बाहेर लोंबतात, आणि आज सकाळी कोंबडा येऊन अंगठ्याला चोच मारून गेला. पुण्याच्या साप्ताहिकाच्या बातमीदाराचा असा अवमान अद्याप कोणा संस्थानिकानेही केलेला नाही. बाकी स्वागत झकास. हुरडा, दही, उसाचा रस.

आलो आहे ग्रीक देवळासाठी. यजमानांचा पुतण्या पलटणीबरोबर ग्रीसला होता. त्याने अथेन्सच्या एका पडक्या देवळाचा फोटो आणला, आणि काकांनी उसाच्या फडाशेजारी तस्सेच देऊळ उभारले. तस्सेच, म्हणजे पडके! फोटोत सहावा खांब अर्ध्यावर मोडलेला. म्हणून फक्रुद्दीन गवंड्याने घडवलेला धडका खांब त्याच्याच हातून घणाने मोडवला. छप्पर नाही, कारण फोटोत नाही.

ही यवनांची वास्तुकला मला उलट्या घातलेल्या सदऱ्यासारखी वाटते. खांब बाहेर पावसात, भिंत आत सुरक्षित. तोंडावर अर्थातच बोललो नाही. आप्पासाहेब मुलींची शाळा काढताहेत, आणि माझ्या द्वारकेला (सव्वीस वर्षांची, शिकलेली, अजून घरीच) तिथे मास्तरीण नेमायचे त्यांनी कबूल केले आहे. ती शुक्रवारी येते आहे. तोवर खांब सुंदर आहेत.

ता. ३, रविवार

फोटोवर माप नसते. मग उंची कशी ठरवली, विचारले. फोटोत खांबाला टेकून एक सोल्जर उभा आहे. खांब त्याच्या साडेतीनपट. म्हणून राखणदार सूर्यभानला उभा केला, टाचेपासून टाळूपर्यंत सूत धरले, आणि त्याच्या साडेतीनपट पाच खांब चढवले. मग ते सूत खांबांच्या बुडात पुरले. तिकडचे गवंडी असे जित्या माणसाचे माप इमारतीच्या पायात घालतात, बांधकाम ढळत नाही, असे पुतण्या ऐकून आला आहे. आमच्याकडेही वेदी यजमानाच्या अंगमापाने आखतात. पण तिथे यजमान स्वतः उभा राहतो. आप्पासाहेबांनी ते कामही राखणदाराकडूनच उरकून घेतले!

सूर्यभान भेटला. कोटाच्या बाह्या बोटांच्याही खाली. कुणाचा उसना आणलास रे, म्हटले. माझाच हाय की, म्हणाला, शिंप्यानं मापानंच शिवल्ता. धन्य तो शिंपी.

ता. ५, मंगळवार

मोडका खांब कलू लागला आहे. त्याच्या बुडात सूत नाही ना! तुमच्यासारख्या विद्वानाचं माप घालू, असे आप्पासाहेब हसत म्हणाले. फक्रुद्दीनने सूत हातात घ्यायलाच नकार दिला. मुडद्याचं माप घेईन, मालक, जित्याचं पुन्हा न्हाई, म्हणाला, आणि हत्यारे गोळा करून नगरला चालता झाला. मग आप्पासाहेबांनीच सूत धरले. मी ताठ उभा राहिलो. लेकीच्या नोकरीसाठी बाप याहून वेडगळपणे उभे राहतात. पहारीने बूड उचकटून सूत आत सरकवले.

दुसरा फोटोही दाखवला. त्यात छप्पर दगडी बायकांच्या डोक्यावर. आता हेही बांधायचे. स्वयंपाकाच्या छबूबाईला मापासाठी विचारले, तर तिने पळी ठेवली आणि घरी जाते म्हणाली. मी यजमानांना खूश करायला बोलून गेलो, की माझी मुलगी येतेच आहे, चांगली उंच आहे. त्यांना फार आनंद झाला.

ता. ६, बुधवार

खांब दगडी चाके एकावर एक रचून केलेले. मोडक्याला शनिवारी चार चाके होती. आज सहा. बातमीदाराला बनवण्याचा हा डाव बालिश आहे. पण गवंडी तर नगरला—

छबूबाईचे आभार मानले. नवी खाट बरोबर मापाची आहे. ती म्हणाली, खाट तीच हाय, दादा. आणि माझ्याकडे पाहिनाशी झाली.

ता. ७, गुरुवार

सकाळी सूर्यभान दिसला. बायकोच्या कडेवर होता. दाढीमिशा त्याच्याच. कोट मागे धुळीत ओढत होता.

द्वारकेला ‘येऊ नको’ अशी तार करायला निघालो. पायताणे गळून पडली. धोतर पायांत. दुपारपर्यंत जेमतेम कालवा गाठला. आप्पासाहेबांच्या गाडीवानाने उचलून—हो, उचलून—परत आणले.

सूत ओढून काढायला गेलो. वर सात चाके आहेत.

ता. ८, शुक्रवार

टांगा स्टेशनवर गेला. दाराची कडी हाताला लागत नाही. टाक मुसळासारखा—

खिडकीखाली पेटी ओढली. तिच्यावर उशी. तिच्यावर मी. देऊळ दिसते. आठ चाके.

टांगा आला. उतरली. मला शोधते आहे. आप्पासाहेब हात जोडताहेत, शाळेचेच सांगत असतील. खिशातून सूत—

आता थट्टा पुरे. माझ्या उंचीचे मला काही वाटत नाही. पन्नाशी उलटली, पुष्कळ झाली. भीती एकच आहे. दर दसऱ्याला मी तिला चौकटीशी उभी करून भिंतीवर रेघ मारायचो. टाच चिकटव, मान वर, हलू नकोस. माप घेताना हलायचे नाही हे तिला मीच शिकवले आहे.

हाक मारतो, पण आवाज उंदराएवढा—ती हसते आहे—टाच चिकटवली—द्वारके, हल, अग हल ना, ह